अरियदासच्या मॉरिसचा काटा

कोलंबोपासून दूर, डोंगरातल्या बंडारवेला स्टेशनाबाहेर भाड्याच्या गाड्या लागतात, तिथे एके काळी सगळ्या मॉरिस मायनरच असायच्या. आता ती जागा तीनचाकी रिक्षांनी बळकावली आहे आणि मॉरिस उरली एकच, अरियदासची. फिकट हिरवी, गोल पाठीची, दार लावताना थोडं उचलून धरावं लागणारी. अर्ध्या गावाची वरात तिच्यातून निघाली आहे आणि उरलेल्या अर्ध्याच्या आया कळा देत तिच्यातूनच इस्पितळात गेल्या आहेत. अरियदास गडी असा, की विचारल्याशिवाय बोलणार नाही, हॉर्नला हात लावणार नाही, आणि उतारावर गाडी अशी अलगद सोडणार की मागे बसलेल्या बाईच्या मांडीवरची अंड्यांची टोपली जागची हलू नये. भाडं मागतानासुद्धा तो दुसरीकडे बघत मागायचा. त्याची बायको यसवती म्हणायची, "ह्यांच्या तोंडचं बोलणंही मीच बोलते. एका घरात दोघांचं काम मला."

तर या गाडीचा पेट्रोलचा काटा कधीचाच मेलेला. मॉरिसची टाकी डिकीच्या तळाशी असते, परातीसारखी पसरट. तिच्यात एक फ्लोट असतो, म्हणजे तारेच्या टोकाला एक पोकळ डबी. पेट्रोलवर ती तरंगते, वर-खाली होते आणि समोरच्या काट्याला तशी खबर देते. अरियदासच्या गाडीतला फ्लोट त्याची लेक इनोका रांगत होती तेव्हाच सडून गेला. नवा कुठे मिळेना. शेवटी गॅरेजवाल्या जिनपाल बासने (तिकडे मिस्त्रीला बास म्हणतात) तो उपसून काढला, भोकावर पत्रा बसवला, पत्र्यात एक बूच ठोकलं आणि म्हणाला, "आता काठी घालून बघत जा बाबा. आपल्या आज्या विहिरीचं पाणी तसंच बघायच्या."

अरियदासने बांबूची पट्टी तासली. अंगणात गाडी उभी करून, मापाने पेट्रोल ओतून, काठी बुडवून, एकेक खाच पाडली. तेव्हापासून रोज सकाळी बुद्धापुढे फुलं ठेवून झाली, गुळाचा खडा तोंडात धरून कोरा चहा पिऊन झाला, की हा डिकी उघडणार, बूच काढणार, काठी बुडवून उजेडात धरणार. मग त्या दिवसापुरतं पेट्रोल भरायचं. टाकी गच्च भरून फिरणं भाडेवाल्याला परवडतंय कुठे? पण इतक्या वर्षांत रस्त्यात पेट्रोल संपलं असं एकदाही झालं नाही. हापुतळेच्या चढावर नाही, एल्लाच्या वळणांवर नाही.

आणि या वर्षी मात्र वेसाकचे, म्हणजे बुद्धपौर्णिमेचे, कंदील उतरले न उतरले तोच त्याचं पेट्रोल संपलं. तेही भर बाजारात. लोकांनी ढकलत पंपापर्यंत नेलं. सगळे हसले, तोही हसला. मग पुन्हा एकदा, शाळेच्या मास्तरीणबाईंना सोडताना. तीनचाकीवाली पोरं त्याला अय्या, म्हणजे दादा म्हणत; ती चेकाळली. "अरिय अय्या, धक्का मारायला माणसं बरोबर घेऊनच निघत जा. त्यांचं भाडं वेगळं लावू." त्याने ऐकून घेतलं. घरी येऊन यसवतीला म्हणाला, "सकाळी बघितलं होतं गं मी. काठीवर होतं."

"बघितलं असेल काल," यसवती म्हणाली. बोलून गेली खरी, आणि तिथेच चुकलं.

कारण मग माणूस मोजायला लागतो. छत्री देवळात विसरला. शेजारच्या सुनेला तिच्या जावेच्या नावाने हाक मारली. चष्मा कपाळावर आणि घरभर शोध. अहो, हे तो तिशीतही करत होता, पण तेव्हा कोणी मोजत नव्हतं. आता यसवती मोजायला लागली. रात्री चूल विझली की नाही हे त्याच्यामागून जाऊन बघायला लागली. त्याच्या ते लक्षात यायचं.

तिसऱ्या वेळी जे झालं त्याने सगळं संपलं. दियतलावाच्या रस्त्याला राहणारी सुमुदू, पहिलटकरीण, कळा सुरू झाल्या म्हणून तिच्या सासूने अरियदासलाच फोन केला. विश्वासाचा माणूस. इस्पितळ नजरेच्या टप्प्यात आलं आणि गाडीने दोन आचके देऊन मान टाकली. पोरीला तशा अवस्थेत उतरवून मागून आलेल्या तीनचाकीत बसवलं. बाळ-बाळंतीण सुखरूप, पण सासूने जाताना अरियदासकडे जे बघितलं ते त्याने घरी आल्यावर यसवतीला सांगितलंच नाही. ते तिला बाजारात कळलं.

त्या संध्याकाळी त्याने स्वतःच लेकीला फोन लावला. स्वतःहून फोन लावणं हीच मुळात नवलाची गोष्ट. "इनोका," तो म्हणाला, "गाडी विकून टाकतो. माझं डोकं आता काही धरून ठेवत नाही. उद्या ब्रेक विसरेन."

इनोका रडली आणि मग दोन दिवसांत तिने गिऱ्हाईक शोधून काढलं. कोलंबोचे एक महातया, म्हणजे साहेब, त्यांना जुन्या गाड्यांचा नाद. फोटो बघूनच ते पाघळले होते. अट एकच, सगळं मूळचं हवं आणि चालू हवं, पेट्रोलचा काटासुद्धा. ते रविवारी येणार होते. आणि गंमत बघा, इतकी वर्षं न मिळालेला फ्लोट आता पंचिकावत्तेच्या जुन्या सामानाच्या बाजारातून एका दिवसात बसने आला.

शनिवारी सकाळी जिनपाल बास आपली पत्र्याची पेटी घेऊन आला. तोही आता थकलेला, गुडघे करकरणारा, पण तोंड तसंच चालू. "अक्का, चूल विझवा आधी," त्याने अंगणातूनच आरोळी दिली. "पेट्रोलची टाकी उघडायची आहे. गाडी विकायच्या आधीच तिला अग्नी नको द्यायला."

यसवतीने चुलीवर पाणी मारलं. अरियदासने सवयीने, शेवटचं म्हणून, बूच काढलं, काठी बुडवली आणि उजेडात धरली. "अर्धी आहे," तो म्हणाला. काठी पुसून त्याने डिकीच्या कडेला नीट ठेवून दिली. त्याचा हात तिच्यावर जरा रेंगाळला तसा यसवतीने मान फिरवली. तिला ते बघवेना.

बासने बॅटरीची तार काढली. पत्र्याचे सहा स्क्रू इतक्या वर्षांनी जागचे हलेनात. एकेकावर तेलाचा थेंब सोडायचा, हलकी ठोक द्यायची आणि त्याला चुचकारायचं. "ये रे राजा. तुला मीच बसवलाय, माझ्याशी कसली आढी?" पत्रा निघाला, पेट्रोलचा भपकारा आला. पत्र्याखालचं कॉर्कचं पॅकिंग बिस्किटासारखं चुरलं, त्याचा एकही कण टाकीत पडू नये म्हणून अरियदासने ओल्या फडक्याने ते टिपून घेतलं. दोघं म्हातारे एका डिकीत डोकी घालून, डोक्याला डोकं लागेल इतके जवळ. जुनी माणसं कामात असली की भांडत असल्यासारखी बोलतात, तसं चाललं होतं.

नवा फ्लोट बसवायच्या आधी हातातच तपासायचा होता. बासने तारा जोडल्या आणि म्हणाला, "अक्का, तुम्ही पुढे बसा. मी डबी उचलतो, काटा कुठे जातो ते सांगा."

यसवती चालकाच्या जागेवर बसली. इतक्या वर्षांत ती त्या जागेवर कधी बसली नव्हती. गादी त्याच्या अंगाने खोलगट झालेली, तिच्यात ती रुतली. चावी फिरवली आणि तो मेलेला काटा थरथरला. "उठतोय," ती म्हणाली. "अगदी वर गेला." बासने डबी खाली सोडली. "उतरला. तळाला." तिला इतका आनंद झाला की क्षणभर गाडी उद्या जाणार हे ती विसरलीच.

मग नवं पॅकिंग, त्याच्या दोन्ही अंगांना कपड्याच्या साबणाची वडी घासलेली, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. डबी टाकीच्या भिंतीला घासत नाही ना ते बघून फ्लोट आत सोडला, स्क्रू समोरासमोरचे जोडीने आवळले. "आता बघा, अर्ध्यावर येऊन उभा राहील," बास म्हणाला.

यसवतीने बघितलं. काटा उठला, जरासा चढला आणि थांबला. "पाव," ती म्हणाली.

"नीट बघा."

"नीटच बघतेय. पाव आहे."

बासने पंचिकावत्तेच्या दुकानदाराला एक शिवी हासडली. पण आत्ताच तर हातात काटा बरोबर चालला होता. मग त्याने नळी घातली, टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये ओढलं आणि कॅन उचलून बघितला. पावच होतं. काटा खरं बोलत होता.

अरियदासने काठी उचलली, तिच्याकडे बघितलं, परत ठेवली. "मी अर्धी म्हणालो ना?" त्याने विचारलं. "म्हणालो की नाही?"

"म्हणालात," यसवती म्हणाली.

"आत्ता म्हणालो. हातात काठी धरून." तो पायरीवर बसला. "म्हणजे विसरण्याचीही गोष्ट नाही. आता समोरचंही दिसेनासं झालं. बरं झालं विकतोय."

जिनपाल बासला एरवी गप्प बसवायला बंदूक लागेल, पण तोही आपल्या पेटीत पाने लावत बसला. यसवती उठून स्वयंपाकघरात गेली. रडायचंच होतं तिला, पण जेवणाची वेळ झाली होती आणि बासला उपाशी कसं धाडणार. टाकी आणि कॅन दोन्ही बंद झाले होते, तिने चूल परत पेटवली, कढईत खोबरेल घातलं, पापड सोडायला घेतले.

तिच्या चुलीचा एक दगड खचलेला. तेल नेहमी भिंतीकडे जमायचं, दाराकडची बाजू उथळ राहायची. वर्षानुवर्षं ती पापड भिंतीकडेच सोडत आली होती, हात आपोआप तिकडे जायचा. आज डोळे भरलेले म्हणून पापड दाराकडे पडला आणि नुसता तळाला चिकटून करपला. तिने चिमट्याने तो उचलला आणि तशीच उभी राहिली. मग पळीचं टोक दाराकडे बुडवलं. जेमतेम ओलं झालं. भिंतीकडे बुडवलं. अर्धी पळी तेलात गेली. तेवढंच तेल आणि तीच कढई.

ती पळी हातात घेऊनच बाहेर आली. तेल ठिबकत होतं. "अहो, त्या काठीवर खाचा कुठे पाडल्या होत्या?"

"काठीवर," अरियदास म्हणाला.

"ते कळतंय मला. गाडी कुठे उभी होती?"

"इथेच. अंगणात. आणखी कुठे असणार?"

"इथेच. पण हे अंगण असं होतं का?"

अंगण असं नव्हतं. डोंगरातल्या कुठल्याही घराचं असतं तसं ते घसरतं होतं. रस्त्याकडे चढ, घराकडे उतार. अरियदास गाडी उलटी आत घ्यायचा, तोंड वर रस्त्याकडे, बूड खाली घराकडे. गेल्या पावसात यसवती तिथे घसरून मनगट मोडून बसली, तेव्हा जावई ललित रजा काढून आला. वेसाकच्या आधीचा पूर्ण आठवडा त्याने एकट्याने भर टाकली, सिमेंटची पोती खांद्यावरून वाहिली आणि अंगण पाटासारखं सपाट करून दिलं. हातांना फोड आले तरी थांबला नाही. तेव्हापासून यसवती गावभर सांगत होती की असा जावई शोधून सापडणार नाही.

बास पेटी सोडून उठला. "भोक टाकीच्या पुढच्या अंगाला आहे," तो हळू म्हणाला. "गाडीचं बूड खाली असताना पेट्रोल मागे जायचं, भोकापाशी कमी. त्या कमीवर खाचा. आता गाडी सपाट उभी राहते, भोकापाशी जास्त चढतं. काठी पाव असताना अर्धी दाखवणार. अरे देवा, मी इथे बसून शिव्या कोणाला दिल्या."

"रस्त्याकडचा तुकडा जुनाच आहे," यसवती म्हणाली. "फाटकापाशी. तिथे ललितने हात लावला नाही."

चूल पुन्हा विझवून पेट्रोल परत टाकीत ओतलं. अरियदासने गाडी चालू केली आणि फाटकापाशी नेऊन चढावर तोंड करून उभी केली, चाकामागे वीट लावली. पुन्हा सहा स्क्रू, पुन्हा बासची कुरकुर, की आयुष्यात इतक्या लवकर स्वतःचं काम कधी उलगडलं नव्हतं. फ्लोट काढून हातात धरला. अरियदासने काठी बुडवली. मग बाहेर काढून त्याने ती उजेडात धरली नाही, सरळ यसवतीच्या हातात दिली.

ओल पावच्या खाचेवर होती. केसभर इकडे नाही, तिकडे नाही.

"पाव," यसवती म्हणाली, आणि तिने काठी त्याच्यापुढे धरली.

अरियदास डिकीच्या कडेवर टेकला. तो नव्या सिमेंटकडे बघत होता. मग हसला, पण नीट हसता येईना. "म्हणजे मी रोज बघत होतो," तो म्हणाला. "बघून निघत होतो."

"हो."

"तुलाही वाटलं होतं ना? की मी गेलो कामातून."

खोटं बोलायची ती वेळ नव्हती. "वाटलं होतं," यसवती म्हणाली. "चूल तपासत होते तुमच्या मागे."

"माहीत आहे मला. मला स्वतःलाच वाटलं होतं, तुझा काय दोष."

बासने हात फडक्याला पुसले. "आता असं करू. मी स्टेशनवर जातो आणि त्या तीनचाकीवाल्या पोरांना कान धरून सांगतो. सुमुदूच्या सासूलाही सांगतो. गावाला कळू दे की अरियदासचं डोकं तुमच्या सगळ्यांपेक्षा शाबूत आहे."

"कोणाला काही सांगायचं नाही," अरियदास म्हणाला.

"का नाही?" बास म्हणाला.

"उद्या ही गोष्ट गावभर होईल, परवा ललितच्या कानावर जाईल. सुमुदूला रस्त्यात उतरवावं लागलं ते त्याच्या सिमेंटमुळे, हे त्याला कळेल. पोराने हाताला फोड येईपर्यंत पोती वाहिली, तुझं हाड परत मोडू नये म्हणून. त्याला काय वाटेल?"

"आणि तुम्हाला गाव विसरभोळा म्हणतं त्याचं काय?" यसवती चिडली. "मला बाजारात तोंड वर करून चालता येत नाही."

"आता काटा चालतोय. पेट्रोल संपणार नाही. दोन महिन्यांत विसरतील. तेही विसरतात की." तो बासकडे वळला. "बसव रे ते परत. फाटकात किती वेळ उभं राहायचं."

एवढं एका दमात तो लग्नाच्या बोलणीतही बोलला नव्हता. इतक्या वर्षांत ह्या माणसाच्या वाट्याचं आपणच बोललो, असं यसवती मानत आली होती, आणि आपल्याला हे बोलता आलं नसतं, हे तिला कळत होतं.

तेवढ्यात आत फोन वाजला. इनोका होती. काटा बसला का, महातया सकाळी लवकरच निघणार आहेत, थात्ताने, म्हणजे बापाने, जास्त मनाला लावून घेतलं नाही ना, सगळं एका श्वासात. मागे ललितचा आवाज येत होता. तो विचारत होता, अम्माचं मनगट कसं आहे, अंगणात पाणी तुंबत तर नाही?

"काटा बसला," यसवती म्हणाली. "त्या महातयांना सांग, येऊ नका. गाडी विकायची नाही."

"अम्मा, असं काय करतेस? आपलं ठरलंय. थात्ता स्वतः म्हणाला ना की त्याचं डोकं…"

"ललितला सांग, मनगट बरं आहे. अंगण झकास आहे, एक थेंब तुंबत नाही."

"अम्मा, मी थात्ताबद्दल विचारतेय."

यसवतीने खिडकीतून बाहेर बघितलं. फाटकापाशी चढावर गाडी उभी होती. अरियदास फ्लोट दोन्ही हातांनी टाकीत सोडत होता, नवजात पोराला पाण्यात धरावं तसा, आणि बास त्याला काहीतरी सुनावत होता.

"तुझ्या बापाचं डोकं ठिकाणावर आहे," ती म्हणाली. "इतके दिवस माझं नव्हतं. गाडी कधीच विकायची नाही, समजलं? ठेव आता, माझे पापड राहिलेत."